सोलापूरहून समुद्राकडे: जयगड ते वेंगुर्ले शिडाच्या होडीने

गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या दिसतात, मुंबई-अलिबागच्या पाण्यातही दिसतात. या दोहोंच्या मधला रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा किनारा मात्र मासेमारांचा. हौशी शीडवाला तिथे क्वचितच फिरकतो. तिथे मरिना, म्हणजे हौशी होड्यांचे बंदर, नाही, होडी बांधायला तरंगता धक्का नाही, बिघाड झाला तर शिडाचे सुटे भाग मिळणार नाहीत. त्याच्या बदल्यात दर दहा-पंधरा मैलांवर एखादी खाडी किंवा आडोशाचा उपसागर आहे आणि हिवाळ्यात वारा घड्याळ लावल्यासारखा चालतो. सोलापूरहून एका दिवसात होडी तिथे नेता येते. जयगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत सुमारे ९५ सागरी मैल, म्हणजे १७५ किलोमीटर, सहा दिवसांत कसे करायचे ते इथे दिले आहे.

या किनाऱ्यावर शीड हाकण्याचा भाग तुलनेने सोपा आहे. अडचणी येतात त्या थांबताना: नांगर न धरणे, खाडीच्या तोंडावर चुकीच्या वेळी पोचणे, ओहोटीला रुतून बसणे. म्हणून नियोजन उलट्या बाजूने करा. कुठे आणि किती वाजता थांबायचे ते आधी ठरवा, निघण्याची वेळ त्यावरून काढा.

होडी

साडेसहा-सात मीटरची, कील किंवा सेंटरबोर्ड (तळाखाली पाण्यात उतरणारे पाते) वर उचलता येणारी, एकूण हजार किलोच्या आतली होडी घ्या. बोर्ड खाली असताना दीड मीटर आणि वर घेतल्यावर अर्धा मीटर पाणी तिला पुरले पाहिजे. पक्क्या, न उचलता येणाऱ्या कीलची होडी समुद्रात जास्त स्थिर असते हे खरे, पण या खाड्यांमध्ये ती तुम्हाला दहापैकी सहा जागांपासून दूर ठेवेल. शिवाय ट्रेलरवरून उतरवायला क्रेन लागेल ती वेगळीच.

मुख्य शिडाला दोन रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड लहान करण्याच्या दोन पायऱ्या, असलेच पाहिजेत. पाच-सहा अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन पुरते. ते अर्ध्या थ्रॉटलवर तासाला साधारण दीड लिटर पेट्रोल पिते. वारा पडल्यावर दिवसाला दोन तास इंजिन धरले, तर सहा दिवसांचे १८ लिटर होतात. आणखी १० लिटर राखीव ठेवा. कॅन पूर्ण काठोकाठ भरू नका आणि केबिनमध्ये ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

उजनीवर काय शिकता येते, काय येत नाही

सरावासाठी सोलापूर जिल्ह्याला उजनीचा जलाशय आहे, आणि तो साधा नाही. जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात, धरण भरलेले आणि पश्चिमेचा वारा अजून जिवंत असताना, आठ-दहा दिवस पाण्यावर काढा. पाणी उतरल्यावर बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे खुंट आणि थर्माकोलच्या तुकड्यांवर तरंगणारी जाळी होडीच्या तळाला लागतात, म्हणून उन्हाळ्यात तिथे शीड नको. उन्हाळा टाळण्याचे दुसरे कारण वळवाचा पाऊस. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या ढगाखालचा वारा पाच मिनिटांत शांततेपासून वादळापर्यंत जातो. काळा ढग दिसला की शीड उतरवायचे, ढग जवळ यायची वाट पाहायची नाही.

उजनीवर चार गोष्टी हाताला बसेपर्यंत करा. पहिला रीफ चार मिनिटांच्या आत घालता आला पाहिजे, तोही होडी हलत असताना. पाण्यात टाकलेला फुगवलेला कॅन माणूस समजून परत उचलता आला पाहिजे. पहिल्याच फेरीत जमत नसेल तर अजून सराव हवा. नांगर टाकणे आणि काढणे किमान वीस वेळा व्हावे. आणि जाइब, म्हणजे मागून वारा असताना शिडाची बाजू बदलणे, एकाही डोक्याला बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, न लागता.

भरती-ओहोटी आणि लांबून येणारी समुद्राची उसळ उजनी शिकवत नाही. उसळीने पहिल्या दिवशी निम्म्या जणांना मळमळते. उलटीवरची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मधुमेह, काचबिंदू किंवा दुसरी औषधे चालू असतील तर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

कधी: महिना आणि तिथी

महिना नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात पावसाळ्याची उसळ पूर्ण ओसरलेली नसते, आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणावर आले होते. मार्चनंतर दुपारचा वायव्य वारा नवख्याला जड होतो. मे महिना तर नकोच. १६ मे २०२१ च्या तौक्तेने याच पट्ट्याला झोडपले. सोलापूरकरांसाठी सोय म्हणजे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की जानेवारीचे उरलेले दोन आठवडे नेमके हंगामाच्या मध्यात येतात.

आता तिथी. याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि सगळी सहल यावरच बसते किंवा बिघडते. जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईची भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहा वाजता पहाटे आणि सहा वाजता सायंकाळी. रत्नागिरी ते वेंगुर्ल्याला यातून पाऊण ते एक तास वजा करा, म्हणजे पाचच्या सुमारास. ओहोटीचा तळ सव्वाअकराला येतो आणि त्यानंतर पाणी चढू लागते. सकाळी निघताना उतरते पाणी तुम्हाला खाडीबाहेर ढकलते आणि दुपारी पोचताना चढते पाणी आत घेते. होडी रुतलीच तर तासाभरात पाणी तिला उचलते.

पौर्णिमा-अमावास्येला नेमके उलटे. भरती सकाळी साडेदहा-अकराला, ओहोटीचा तळ पहाटे आणि सायंकाळी साडेचार-पाचला. निघताना पाणी कमी, पोचताना पाणी उतरते. त्यातून उधाण असल्याने प्रवाह जोराचा. दुपारी तीनला रुतलेली होडी मग रात्रीपर्यंत कलंडलेली राहते.

म्हणून षष्ठीला निघा, एकादशीला पोचा. पक्ष कोणताही चालेल. या भांगाच्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी असते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते, मालवणकडे ते सुमारे दोनच मीटर आणि भांगाला त्याहून कमी. पाऊणपटीचा हिशेब नियोजनापुरता. निघताना सर्व्हे ऑफ इंडियाचे भरती-ओहोटीचे कोष्टक आणि हैदराबादच्या इनकॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा. भांगाच्या दिवसांत दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हे कोष्टकातच कळते.

दिवसाचे घड्याळ

हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. तो मध्यरात्रीनंतर धरतो आणि नऊच्या सुमारास संपतो. नऊ ते अकरा वारा पडलेला असतो. अकरा-बाराला वायव्येकडून समुद्री वारा उठतो, तीन-चारला तो सर्वांत जोराचा, पंधरा नॉट (तासाला पंधरा सागरी मैल) किंवा थोडा वर, आणि सूर्यास्तानंतर मरतो.

पावणेसात-सातला, उजाडताना, नांगर उचला. त्याआधी नको, कारण अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत. मतलईत किनाऱ्यापासून मैलभर अंतर ठेवा, लांब गेलात तर तो विरतो. नऊ वाजता वारा पडला की इंजिन लावून तिरके बाहेर पडा आणि अकरापर्यंत तीन मैल दूर जा. का, तर दुपारचा वारा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलणार आहे. त्या वेळी किनारा जवळ असेल आणि इंजिन बंद पडले किंवा शिडाची दोरी तुटली, तर सावरायला वेळ उरत नाही. तीन मैल म्हणजे वाऱ्यावर वाहत गेलात तरी दोन-तीन तास हातात.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. वायव्य वारा मग उजव्या मागच्या कुशीवर येतो आणि होडी पाच नॉटने धावते. हाच मार्ग उलट्या दिशेने केला तर रोज दुपार वाऱ्याच्या तोंडाला नागमोडी चढण्यात जाते. मागून वारा सुखाचा वाटतो, पण अपघाती जाइबचा धोका त्यातच. लाटेने होडी वळली की बूम पूर्ण ताकदीने दुसऱ्या बाजूला येतो. बूमच्या मध्यापासून नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, १० मिलिमीटरची दोरी बांधून बूम रोखून ठेवा. दुपारी एक वाजता, वारा कितीही गोड वाटला तरी, पहिला रीफ घाला. तीन वाजता घालायची वेळ आली तर तो निम्मा कष्टात आणि निम्मा घाबरत घातला जातो.

नांगर

हजार किलोच्या होडीला आठ किलोचा नांगर, आठ मिलिमीटरची सात-आठ मीटर साखळी आणि त्यापुढे बारा मिलिमीटरचा ५० मीटर नायलॉन दोर. दुसरा पाच किलोचा, वेगळ्या दोरासह. खाड्यांमध्ये तळ चिखलाचा किंवा वाळूचा आहे, तिथे रुंद पात्यांचा डॅनफोर्थ चांगला रुततो. मालवणच्या खडकाळ तळावर तो अडकून बसतो, म्हणून नांगराच्या मानेला वेगळी बारीक दोरी आणि तिच्या टोकाला बोया बांधा. अडकला की उलट बाजूने ओढता येतो.

दोर किती सोडायचा याचा हिशेब डोक्यात नको, कागदावर करा. आत्ताची खोली ३ मीटर, भरतीला वाढणारे पाणी २ मीटर, नाळेची पाण्यापासून उंची १ मीटर, एकूण ६. शांत पाण्यात पाचपट, म्हणजे ३० मीटर. रात्री किंवा वाऱ्यात सातपट, म्हणजे ४२. ओहोटीला तीन मीटर पाहून पंधरा मीटर दोर सोडला की भरतीला तो जेमतेम अडीचपट उरतो, ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटला जातो. नांगर वाहण्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच.

टाकताना वाऱ्याच्या तोंडाला या, होडी पूर्ण थांबू द्या, नांगर हाताने खाली सोडा. फेकला की साखळी त्याच्यावर ढिगाने पडते आणि पात्यात अडकते. होडी मागे सरकू लागली की दोर सोडत जा. दोर संपला की इंजिन उलटे, एक तृतीयांश जोरावर, अर्धा मिनिट. मग किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन वस्तू निवडा, समजा एक माड आणि त्यामागचे घर. त्या एका रेषेतून सरकल्या तर नांगर वाहतो आहे. प्रवाह फिरतो तेव्हा होडीही फिरते, म्हणून भरती-ओहोटी बदलण्याच्या वेळेला गजर लावून एकदा उठाच. झोपमोड वाटेल, पण रात्री खडकाचा आवाज ऐकून उठण्यापेक्षा बरी.

खाडीच्या तोंडावरची वाळू

पूर्णगड आणि आचरा या दोन जागा संकटकाळासाठीच धरा. दोन्हीकडे तोंडावर वाळूचा पट्टा आहे आणि तो दर पावसाळ्यात जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची जीपीएसवरची रेघ या वर्षी खात्रीची नाही. बाहेर जाणारी ओहोटी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाट आखूड होते, उभी राहते आणि फुटते. उथळ पाणी तिला आणखी उभे करते. म्हणून ओहोटीत आत शिरायचे नाही, भरतीच्या शेवटच्या दोन तासांतच.

बाहेर वीस मिनिटे थांबून लाटा मोजा. मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने येतात, त्यांच्यामागून थोडा शांत काळ असतो. मासेमारांची होडी आत जात असेल तर तिचा मार्ग नीट बघून ठेवा. सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे, केबिनचे झाकण बंद, वजन मागे, बोर्ड निम्मा वर, इंजिन चालू. मोठा गट गेला की त्याच्या शेवटच्या लाटेच्या पाठीवर बसल्यासारखे आत जा, तिच्या पुढे जाऊ नका. एकदा शिरलात की वळायचे नाही. आडवी झालेली होडी लाट उलटवते. तोंडावर सगळीकडे पांढरे पाणी दिसत असेल, तर आत जाऊच नका; पुढच्या बंदराला जा.

सहा दिवस

षष्ठी: जयगड ते रत्नागिरी, १९ मैल. जयगडला मालवाहू जहाजांचा मार्ग आहे, तो काटकोनात ओलांडा, त्यात रेंगाळू नका. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात मासेमारी नौकांची दाटी असते. आत शिरण्याआधी कुठे थांबू ते बंदरावर विचारा, येण्याजाण्याच्या वाटेत नांगर टाकू नका.

सप्तमी: रत्नागिरी ते विजयदुर्ग, २७ मैल, सर्वांत लांब टप्पा. उशीर होतो आहे असे दिसले तर विजयदुर्गाआधी जैतापूरलाच थांबा. अष्टमी विजयदुर्गलाच काढा. वाघोटन खाडीत आत गेले की पाणी इतके निवांत असते की पावसाळ्यातही नौका तिथे आसरा घेतात. किल्ल्याच्या पश्चिमेला मात्र पाण्याखाली दगडी भिंत आहे. किल्ला बघायच्या नादात जवळून जाऊ नका, लांबून वळसा घाला. दिवसभरात सगळ्या दोऱ्यांची घासलेली ठिकाणे तपासा.

नवमी: देवगड, ११ मैल. जमिनीने वेढलेले बंदर, नवख्यासाठी या मार्गावरचे सर्वांत सोपे.

दशमी: मालवण, २१ मैल. वाटेत कुणकेश्वराचे देऊळ किनाऱ्यावर दिसते, अंतर मोजायला चांगली खूण. मालवणचे तोंड खडकांनी भरलेले आहे, त्यातले कित्येक भरतीला दिसत नाहीत. इथे नकाशावर भिस्त ठेवू नका. आदल्या दिवशी फोन करून स्थानिक नौकेवाल्याला ठरलेल्या वेळी बाहेर बोलवा आणि पैसे देऊन त्याच्या मागून आत जा. सिंधुदुर्गाभोवती पोवळी आहेत आणि हा १९८७ सालचा सागरी अभयारण्याचा भाग आहे. तळ वाळूचा असल्याची खात्री झाल्याशिवाय नांगर सोडायचा नाही.

एकादशी: वेंगुर्ले, १६ मैल. निवतीच्या नैर्ऋत्येला वेंगुर्ला रॉक्स हे खडकांचे बेट-समूह आहेत, दीपगृहासह. नकाशावर मार्ग आधी आखून, भर दिवसा आणि दोन्हीकडून किमान मैलभर अंतर ठेवून जा. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, उतरायचा मोह नको.

जाळी

तरंगत्या जाळीच्या दोन टोकांना बहुधा झेंडा असतो, मध्ये बोयांची रांग. झेंड्याच्या बाहेरून जा. मालवणकडे किनाऱ्यालगत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लागलेली असते, तेव्हा रापणीची होडी आणि पुळण यांच्या मधून कधीही नाही. दोर पंख्यात गेला तर इंजिन ताबडतोब बंद, वर उचला, हाताने उलटे गुंडाळत काढा. जाळे कापू नका, ते कुणाचे तरी महिन्याचे पोट आहे. नाइलाजाने कापावे लागले तर पुढच्या बंदरात सांगून भरपाई द्या. पुढच्या शीडवाल्याला त्या बंदरात कशी वागणूक मिळते ते यावरच ठरते.

कागद, फोन, डबा

होडीची नोंदणी, विमा, सर्वांची ओळखपत्रे आणि प्रवासाचा लेखी आराखडा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना आधी द्या. अनोळखी होडी दिसली की चौकशी होतेच, आराखडा दिलेला असेल तर ती पाच मिनिटांत संपते. तटरक्षक दलाचा बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. व्हीएचएफ रेडिओ परवान्यासह, वाहिनी १६. सोलापुरातल्या एका माणसाकडे रोजची पोचण्याची वेळ लिहून ठेवा आणि ती वेळ टळून दोन तास झाले तर त्याने १५५४ ला फोन करायचा, हे आधी पक्के करा.

पाणी माणशी रोज चार लिटर. समुद्रावर घाम जाणवत नाही, तहान उशिरा लागते. डब्याच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी चुलीशिवाय सहा दिवस निभावते. फक्त भाकरी हवाबंद डब्यात, नाहीतर खाऱ्या हवेत दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी होते. सोलापुरी चादर मात्र घरी ठेवा. सुती कापडाला एकदा खारे पाणी लागले की मीठ हवेतला ओलावा ओढत राहते आणि ते वाळत नाही. फ्लीसचे पांघरूण न्या.

रस्ता

जाताना सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, मग निवळीवरून जयगड. रत्नागिरीपर्यंत साधारण ३६० किलोमीटर. ट्रेलरची आरटीओ नोंद हवी. घाटाआधी थांबून चाकाच्या मधल्या भागाला हात लावून पाहा. चटका बसला तर बेअरिंग किंवा ब्रेक घासतो आहे, तसेच उतरू नका. जयगडला डोलकाठी उभी करण्याआधी वर पाहा. धक्क्याजवळच्या विजेच्या तारा आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी यांची गाठ जीवघेणी असते.

ट्रेलर वेंगुर्ल्याला रस्त्याने आणायला एक माणूस वेगळा ठेवा. पाण्यात घालण्याआधी चाके अर्धा तास थंड होऊ द्या. गरम बेअरिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि खारे पाणी ओढून घेते. परतताना सावंतवाडी, आंबोली घाट, आजरा, संकेश्वर. निघण्यापूर्वी इंजिन गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे चालवा, दोर आणि पुल्या धुवा, ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरा. सोलापूरला पोचल्यावर करू म्हटले तर वाटेतच मीठ सुकते, आणि सुकलेले मीठ पुलीतून काढायला बादलीभर पाणी पुरत नाही.